झायमॉटिकचा रकाना

झायमॉटिक हा इंग्रजी शब्द मी वयाच्या नवव्या वर्षी शिकले, आणि शिकले नसते तर बरं झालं असतं. आता तो शब्द मेला आहे. माझी नात डॉक्टर होते आहे. तिला विचारलं तर तिने माझ्याकडून दोनदा उच्चार करून घेतला आणि, आजी, असा शब्दच नसतो, असं सांगून मोकळी झाली. नसतो कसा? त्याने मला जेवढं घाबरवलं तेवढं ना कधी सापाने घाबरवलं, ना सासूने.

बाबा झाशीच्या रेल्वे इस्पितळात कारकून होते. दर आठवड्याला तिथून मुंबईला एक तक्ता जायचा. रेल्वेच्या माणसांत आणि त्यांच्या बायकामुलांत कोण कशाने आजारी पडलं, कोण बरं झालं, कोण गेलं, ते सगळं त्यात. तक्ता छापील होता आणि फार जुना. कोण्या साहेबाने एकदाच इतके छापून घेतले होते की चळत संपता संपत नव्हती. त्यातल्या एका रकान्याच्या डोक्यावर हा शब्द होता, आणि त्याखाली देवी, गोवर, पटकी, घटसर्प, विषमज्वर अशी सगळी मंडळी एका पंगतीला बसायची. शुक्रवारी दुपारी बाबा कच्ची यादी घरी आणायचे. मी वाचायची, ते तक्त्यात उतरवायचे. माझं इंग्रजी त्या यादीवरच झालं. इतर मुली कॅट आणि रॅट शिकत होत्या तेव्हा मी कॉलरा शिकत होते.

एकदा मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. बाबांना कोणी अर्थ विचारला की त्यांची कळी खुलायची, कारण कचेरीत त्यांना कोणी काहीच विचारत नसे. ते टाक खाली ठेवून सांगू लागले. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी विलायतेत एक डॉक्टर होता, त्याचं काम मेलेल्यांची मोजदाद करणं. मरणांची वर्गवारी करताना या सगळ्या पसरणाऱ्या रोगांना मिळून एक नाव त्याला हवं होतं. त्याने ग्रीक भाषेतला आंबवण्याचा शब्द उचलला. त्या काळच्या शास्त्रज्ञांची समजूत अशी की बाहेरचं विष अंगात शिरतं आणि पिठात खमीर चढावं तसं रक्तात चढत जातं. मग सूक्ष्मदर्शकातून जंतू दिसले, ज्या त्या रोगाचा वेगळा जंतू सापडला आणि शास्त्राने हा शब्द मोडीत काढला. पुस्तकांतून तो केव्हाच गेला होता.

मग आपल्या तक्त्यात कसा, असं मी विचारलं. तक्ते अजून संपले नाहीत म्हणून, असं बाबा म्हणाले.

एवढ्यावर ते थांबले असते तर माझं आयुष्य सोपं गेलं असतं. पण समजावून सांगण्याची हौस दांडगी. त्यांनी स्वयंपाकघरातल्या दह्याच्या मडक्याकडे बोट दाखवलं. तुझी आई शेरभर दुधात बोटभर विरजण घालते ना, आणि सकाळी सगळं दूध दही झालेलं असतं. त्यातलं बोटभर शेजारणीने नेलं की तिचंही दूध दही. शब्द जुना झाला, पण रोग अजून तसाच चालतो, ते म्हणाले. आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, माझ्या दह्याला रोगाच्या पंगतीला बसवू नका. बाबा हसले. मी हसले नाही, मला ते फारच नीट समजलं होतं.

आईबद्दल सांगायला हवं. बाबा साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेले, आणि आई झाशीतल्याच जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. तिचं मराठी निम्मं हिंदीत बुडालेलं, आम्हाला ती ‘बेटा’ म्हणायची, आणि बाबांनी चेष्टा केली की म्हणायची, आम्ही दीडशे वर्षांचे, तुम्ही कालच्या गाडीने आलेले. तिच्या माहेरचं विरजण मात्र आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत प्रसिद्ध होतं. उन्हाळ्यात बाकीच्यांचं दही तारा धरायचं, आईचं सुरीने कापावं असं लागायचं.

त्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीला ताप आला. ती सहा वर्षांची होती. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली असेल म्हणून आईने पन्हं दिलं, तळपायांना कांदा चोळला. ताप उतरेना. सातव्या दिवशी आईने तिचं पोलकं वर करून छातीपोटावर पाहिलं. मी कंदिलाची काच पुसत बसले होते. आईने पोलकं खाली ओढलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. बुंदेलखंडात विषमज्वराला मोतीझरा म्हणतात, अंगावर मोत्यांसारखे बारीक दाणे दिसतात म्हणून. घरात त्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत. आईनेही घेतलं नाही. तिने आपल्या नथीतला एक मोती सोडवला आणि धाकटीच्या पाण्याच्या लोट्यात टाकला. मोतीझऱ्याला मोत्याचं पाणी, हा इथला उपाय.

आम्हाला भीती मोतीझऱ्याची होतीच, पण तिच्याहून मोठी भीती होती ती वॉर्डाची. रुळांच्या पलीकडे, कोळशाच्या ढिगांमागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. सगळे त्याला छूतवाला, म्हणजे संसर्गाचा, वॉर्ड म्हणायचे. रेल्वेच्या क्वार्टरात असा ताप निघाला तर इस्पितळात कळवायचं आणि रोग्याला तिकडे पाठवायचं, असा नियम. आईबापांना आत जाऊ देत नसत. आदल्या वर्षी आमच्या लाइनीतली दोन मुलं तिकडे गेली होती. दोन्ही परत आली नाहीत. त्यांची नावं बाबांनीच त्या रकान्यात लिहिली होती आणि मीच ती वाचून दाखवली होती.

त्या शुक्रवारी बाबा यादी घेऊन बसले. मी वाचत वाचत आमच्या लाइनीपर्यंत आले आणि थांबले. आतल्या खोलीत धाकटी कण्हत होती. बाबांनी पुढे वाच म्हणून खूण केली. आमच्या लाइनीसमोर, त्या शब्दाखाली, त्यांनी शून्य काढलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, पण ते शून्य वाकडं आलं. मग ते हळूच म्हणाले, घरात काय आहे ते बाहेर बोलायचं नाही. मी मान हलवली. मलाही माझी बहीण त्या पत्र्याच्या खोलीत नको होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून ठेवायची तर हातून दुसरं कामच होत नाही. रोज सकाळी सफाईचा दरोगा चुन्याच्या बादलीवाल्याला घेऊन लाइनीतून फिरायचा. दारं वाजवायचा, सब ठीक है, असं विचारायचा. त्याची काठी दोन घरं अलीकडे वाजली की मी धाकटीकडे धावायची. आई ओसरीवर येऊन, सब ठीक है भैया, असं म्हणायची, आणि मी आत धाकटीच्या तोंडावर हात धरून बसायची. तिचे ओठ तव्यासारखे तापलेले असत. मी फार दाबतेय की काय, या भीतीने मी बोटं सैल करायची, आणि आवाज होईल या भीतीने परत दाबायची.

आता शेजारच्या चाचीबद्दल. ती झाशीजवळच्या समथरची होती, नवरा इंजिनावर फायरमन, पदरात दोन वर्षांची एक मुलगी. दोन लेकरं गेल्यावर झालेली, म्हणून तिला जमिनीवर ठेवत नसत. चाची दिवसाआड दुपारी भिंतीवरून वाटी पुढे करायची आणि थोडं जामन मागायची. जामन म्हणजे विरजण. सूर्य मावळल्यावर ते कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही, म्हणून दुपारीच.

इथे आईची खरी पंचाईत झाली. मोतीझरा असलेल्या घरातून काही बाहेर जात नाही, हा तिच्या माहेरचा दंडक होता. विस्तव नाही, मीठ नाही, विरजण तर नाहीच. तो तिने जन्मभर पाळला होता आणि दुसऱ्यांना पाळायला लावला होता. पण म्हणूनच विरजण नाकारलं की सगळ्या लाइनीला कळणार की या घरात काहीतरी आहे. इकडे आड, तिकडे विहीर. चाचीने हाक मारली तेव्हा आई धाकटीचं अंग पुसत होती. ती उठली, राखेने हात घासले, दोनदा घासले, मडक्यातून वाटी भरली आणि माझ्या हातात दिली. भिंतीवरून दे, आत जाऊ नकोस, एवढंच बोलली.

मी वाटी घेऊन निघाले आणि चार पावलांवर बाबांचं ते बोलणं मला आठवलं. शेरभर दुधात बोटभर. माझ्या हातात काय आहे ते मला एकदम दिसलं. चाचीने वाटी घेतली, मुलीच्या तोंडाला बोट लावून थोडं चाटवलं आणि मुलगी हसली. मी घरी पळत आले आणि न्हाणीत जाऊन राखेने हात घासत राहिले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. शाळेला सुट्टी होती. मी दिवसभर भिंतीपलीकडे कान लावून बसायची. चाचीची मुलगी रडली की मला वाटायचं, आलं. रडली नाही तरी वाटायचं, निपचित पडली असेल. एकदा मी वाटी वाटेत मुद्दाम पाडली. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि दुसरी भरून दिली. एकदा मी धीर करून बाबांना विचारलं की दह्यातून तसं काही जातं का. ते जोडा पुसत होते. दह्याची गोष्ट वेगळी, ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच तर सांगितलं होतं. ते तो एकच जोडा पुसत राहिले. ज्या माणसाला सगळ्या शब्दांचे अर्थ येत होते त्याला उत्तर देता येईना, हे पाहून मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

धाकटी आता ओळखेनाशी झाली होती. डोळे अर्धे उघडे, बोटांनी चादर चिमटीत धरून ओढत राहायची. बाबा कंपाउंडरकडून स्वतःच्या नावावर औषध आणत, त्याचा काही उपयोग दिसत नव्हता. आई तिच्या उशाशी बसून लोट्यातला मोती हलवत राहायची. तिला रात्रंदिवस झोप नव्हती. मला तिची फार दया यायची आणि तिचा रागही यायचा, आणि या दोन्हींची मला लाज वाटायची.

सतराव्या दिवशी चाचीने पुन्हा हाक मारली. मी वाटी घेऊन गेले. मुलगी तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. चाची म्हणाली, आज जरा अंग गरम है, दही-भात खिला दें तो ठंडक पड़ जाए. तिने वाटीसाठी हात पुढे केला.

मी वाटी सोडली नाही. तिने ओढली, मी धरून ठेवली. दही आमच्या दोघींच्या बोटांवर सांडलं.

“का हो गओ, बिन्नू?” तिने विचारलं.

“चाची, ये मत खिलाना,” मी म्हणाले. “बहन को मोतीझरा है. सत्रह दिन से.”

ती ओरडली नाही. तिने मुलीला छातीशी आवळलं, हात पदराला पुसला, परत पुसला. मग लाइन फिरून आमच्या दारासमोर आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आई बाहेर आली. चाचीच्या हातावरचं दही पाहून तिला सगळं समजलं.

“जिज्जी,” चाची म्हणाली, “तुमने हमें काय नईं बताई? हमाई तो एकई मोड़ी है.”

मोड़ी म्हणजे मुलगी. चाची म्हणाली की उद्या दरोगाजींनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण आज मी आपणहून जाणारही नाही. तेवढी सवलत देऊन ती गेली. त्या बाईच्या जागी मी असते तर दिली नसती.

आईने माझ्यावर हात उचलला नाही. तिने मडकं उचललं, अंगणात नेऊन उपडं केलं आणि आत जाऊन धाकटीला मांडीवर घेतलं. बाबा आले, त्यांना कळलं. सकाळी दरोगा यायच्या आत ते इस्पितळात गेले आणि त्या रकान्यात आपल्या मुलीचं नाव आपल्या हाताने लिहिलं. दहा वाजता चार माणसं डोली घेऊन आली. आई डोलीबरोबर रुळांपर्यंत चालत गेली. पलीकडे तिला जाऊ दिलं नाही. ती तिथेच खडीवर बसली. मालगाडी मधून गेली तरी ती हलली नाही. मी सिग्नलच्या खांबाला धरून उभी होते आणि मला वाटत होतं की माझ्या बहिणीला मी मारलं.

चाचीच्या मुलीला लूच लागली होती. दुसऱ्या दिवशी ती अंगणात खेळत होती. म्हणजे त्या बाबतीत माझी भीती खोटी ठरली. माझी नात सांगते की आंबट दह्यात तो जंतू बहुतेक तग धरत नाही. तिचं ‘बहुतेक’ तिलाच लखलाभ. तेव्हा माझ्या हातात वाटी होती आणि समोर लेकरू होतं, आणि ‘बहुतेक’ हा शब्द मला ठाऊक नव्हता.

धाकटी मात्र वाचली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिला आतड्यातून रक्त गेलं. डॉक्टर बाबांना म्हणाले, ही त्या वेळी घरी असती तर हाताला लागली नसती. सहा आठवड्यांनी ती परत आली. डोकं भादरलेलं, पाय काठ्यांसारखे, आणि आल्याआल्या भूक लागली म्हणून भोकाड पसरलं. बाबांची साहेबाने कानउघाडणी केली, तेवढ्यावर निभावलं. चाची पहिल्यासारखी बोलू लागली. वरवर पाहता सगळं ठीक झालं.

आईही माझ्याशी बोलायची, जेवू घालायची, वेणी घालून द्यायची. पण त्यानंतर मी खोलीत आले की तिचं आणि बाबांचं चाललेलं बोलणं थांबायचं. मोठी झाल्यावर मला वाटायचं, हे माझ्या मनाचे खेळ. माझं लग्न झालं, मी दूर गेले. धाकटी झाशीतच दिली होती, ती आईजवळ असायची.

पुष्कळ वर्षांनी धाकटीची तार आली म्हणून मी गेले. आई अंथरुणाला खिळली होती. काखेत गाठ होती, दीड वर्षापासून. धाकटीला ती पहिल्या महिन्यापासून माहीत होती. आईने तिला शपथ घातली होती की मला कळू द्यायचं नाही. माझा जावई तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर होता, आणि एका पत्रात सगळं झालं असतं. मी रागाने धाकटीला नाही नाही ते बोलले. मग आईच्या उशाशी बसून विचारलं की मलाच का नाही सांगितलंस.

तिने धाकटीकडे बोट केलं.

“तू बोललीस म्हणून ही वाचली,” ती म्हणाली. “ते मला तेव्हाच कळलं होतं, बेटा. पण त्या दिवसापासून मला तुझी भीती वाटते.”

जावयाने तिसऱ्या दिवशी येऊन तिला तपासलं. बाहेर ओसरीवर येऊन तो म्हणाला की वर्षभर आधी कळवलं असतं तर काही करता आलं असतं.